नैराश्यात डोकं चालेनासं होतं, तेव्हा दिवस कसा काढायचा

"मला दुःख वगैरे काही नाही हो, फक्त डोकं चालत नाहीये." नैराश्य असलेली कितीतरी माणसं डॉक्टरांकडे पोचतात ती ही तक्रार घेऊन. कुणी म्हणतं डोकं सुन्न झालंय, कुणी बधिर म्हणतं, कुणी नुसतं जड. पेपरातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की तीन, सांगता येत नाही. वाण्याच्या दुकानात जाऊन उभं राहावं आणि काय न्यायला आलो तेच आठवू नये. समोरचा बोलत असतो, शब्द कानावर पडत असतात, अर्थ लागायला मात्र वेळ लागतो. आणि घरचे म्हणतात, "हल्ली तुझं कशात लक्षच नसतं."

याला आता सगळे ब्रेन फॉग, म्हणजे डोक्यातलं धुकं, म्हणतात. हे कुठल्या आजाराचं नाव नाही, एका अवस्थेचं वर्णन आहे. ती अवस्था थायरॉईड बिघडल्यावर येते, रक्त कमी असताना येते, कोविड होऊन गेल्यावर येते, पाळी जाण्याच्या वयात येते. नैराश्यात तर ती इतकी ठरलेली असते की डॉक्टर निदानासाठी जी नऊ लक्षणांची यादी वापरतात, तीत उदासी आणि कशातच रस न वाटणं यांच्या जोडीला 'विचार करण्याची, लक्ष लावण्याची क्षमता कमी होणं किंवा निर्णय न घेता येणं' हे स्वतंत्र लक्षण म्हणून दिलेलं आहे. नऊपैकी पाच लक्षणं, त्यात पहिल्या दोनपैकी किमान एक, किमान दोन आठवडे, जवळपास रोज, आणि त्यामुळे रोजच्या कामांत अडथळा: एवढं जुळलं की नैराश्याचं निदान होतं.

म्हणजे ताप हा जसा मलेरियाचा भाग, तसं हे धुकं आजाराचाच भाग आहे. हे मी इतकं ठासून सांगतेय, कारण आपल्याकडे या लक्षणाला आळस समजतात, धांदरटपणा समजतात, 'मनावर घेत नाही' समजतात. रुग्ण स्वतःही तेच समजतो आणि स्वतःला टोचत राहतो. त्या टोचणीने डोकं आणखी बंद पडतं.

नेदरलँड्समध्ये नैराश्याच्या २६७ रुग्णांचा तीन वर्षं पाठपुरावा केला गेला. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या काळात लक्ष न लागणं, निर्णय न होणं अशा तक्रारी ८५ ते ९४ टक्के वेळ हजर होत्या. त्याहून महत्त्वाचा आकडा पुढचा आहे. आजार ओसरल्यावरच्या काळातही त्या ३९ ते ४४ टक्के वेळ टिकून होत्या. मन हलकं झालं, माणूस हसायला लागला, तरी डोकं पूर्ण मोकळं व्हायला उशीर लागू शकतो. "आता तर बरी दिसतेस की, मग हे कसं विसरलीस?" असं विचारणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

आत काय चाललेलं असतं

आत्ता या क्षणी हाताशी लागणाऱ्या गोष्टी मेंदू एका छोट्या जागेत धरून ठेवतो. तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. ओटीपी वाचून टाइप करेपर्यंत लक्षात ठेवणं, हिशेब करताना हातचा धरणं, बोलणाऱ्याच्या वाक्याची सुरुवात शेवट येईपर्यंत न विसरणं, ही सगळी तिची कामं. ही जागा निरोगी माणसातही लहानच असते, एका वेळी साधारण चार गोष्टी मावतील एवढी. नैराश्यात तिथे विचारांचं रवंथ येऊन बसतं. 'मी तसं बोलायला नको होतं', 'माझ्यामुळेच झालं', 'पुढे कसं होणार' हे विचार सारखे फिरत राहतात. ओट्यावर खरकटी भांडी पसरलेली असली की पोळपाट मांडायला जागा उरत नाही, तसं होतं. पोळ्या येत नाहीत अशातला भाग नसतो.

विसरण्याचंही असंच आहे. नैराश्यात बहुतेक वेळा आठवण पुसली जात नाही, ती मुळात नीट नोंदलीच जात नाही. चाव्या ठेवताना मन दुसरीकडे होतं, मग चाव्या कुठे ठेवल्या ते मेंदूने टिपलंच नाही. त्यात झोपेची भर पडते. दिवसभरात शिकलेलं, पाहिलेलं पक्कं होण्याचं काम झोपेत चालतं, आणि नैराश्यात पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं ही अगदी नेहमीची तक्रार. ताण फार दिवस राहिला की कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहतं, आणि आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग त्याला फार संवेदनशील असतो. 'मेंदूतलं सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे, पण गोष्ट इतकी सरळ नाही. झोप, ताण, शरीरातला दाह, आनुवंशिकता, परिस्थिती हे सगळं त्यात गुंतलेलं असतं.

आठवणींबाबत आणखी एक गोष्ट १९८६ सालच्या संशोधनातून पुढे आली, आणि ती कळली की बरंच काही उलगडतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने, आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या रुग्णांना शब्द देऊन एखादा ठरावीक प्रसंग आठवायला सांगितला. त्यांना प्रसंग आठवेनात. आठवायचं ते सगळं सरसकट. 'आनंद' म्हटल्यावर 'गेल्या दिवाळीत भावाने फोन केला तेव्हा' असं न येता 'पूर्वी कधीतरी असायचो' असं येतं. पुढे नैराश्याच्या रुग्णांतही हेच वारंवार दिसलं. नेमके प्रसंग हाताशी नसले की मागच्या वेळी अडचणीतून कसं निघालो हेही आठवत नाही, आणि 'माझं नेहमी असंच होतं' हेच खरं वाटायला लागतं. म्हणून नैराश्यातल्या माणसाशी बोलताना मोठमोठे दिलासे देण्यापेक्षा छोटा, तारीखवार तपशील जास्त उपयोगी पडतो. "गेल्या मंगळवारी तू बँकेचं काम एकटीने करून आलीस."

आधी रक्त तपासून घ्या

डोकं जड असण्याची शारीरिक कारणं आपल्याकडे इतकी पसरलेली आहेत की त्यांना वगळून पुढे जाणं चूक ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. काटेकोर शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं सर्रास आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते आणखी खाली जातं. थायरॉईड मंद असेल तर थकवा, सुस्ती, विसराळूपणा, उदासी असं अगदी नैराश्यासारखंच चित्र दिसतं. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२ आणि साखर या तपासण्या कुठल्याही तालुक्याच्या गावी होतात. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या आणि सकाळी डोकं दुखत उठणाऱ्या माणसाने झोपेत श्वास अडकत नाही ना, हेही दाखवून घ्यावं.

औषधांची पिशवीही डॉक्टरांसमोर रिकामी करा. झोपेसाठी शेजाऱ्याने सुचवलेली अल्प्राझोलामची गोळी, सर्दीची झोप आणणारी गोळी, दुखण्यासाठी रात्री घ्यायची ॲमिट्रिप्टिलिन: यांतल्या प्रत्येकीने धुकं दाट होऊ शकतं. दारूही त्यातच आली. ती झोप आणते असं वाटतं, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

आणि एक वेगळी सूचना. गोंधळ अचानक, काही तासांत सुरू झाला, बोबडी वळली, एक बाजू लुळी पडली, डोक्याला मार लागलेला असला किंवा सोबत ताप असला, तर ते नैराश्य समजून घरी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा. वयस्कर माणसांत विसरभोळेपणा नैराश्याचा की स्मृतिभ्रंशाचा, हे घरी बसून ठरवता येत नाही. आजी सगळं 'माहीत नाही, आठवत नाही' म्हणत असतील आणि त्याचा त्यांना स्वतःलाच फार त्रास होत असेल, तर नैराश्याची शक्यता बरीच असते आणि त्यावर उपचार आहेत. 'वय झालं' म्हणून तो विषय मिटवू नये.

गोव्यात काय करून पाहिलं

बरं वाटेल, हुरूप येईल, मग मी कामाला लागेन: नैराश्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस असं म्हणत वाट पाहतो. नैराश्यात हा क्रम चालत नाही. हुरूप आपणहून येत नाही, थोडं काही केल्यानंतर मागून येतो, तोही कधीकधी. काम थांबलं की समाधानाचे, माणसांच्या सहवासाचे छोटे क्षण बंद होतात. ते बंद झाले की मन आणखी खाली जातं आणि माणूस आणखी थांबतो. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचं, अशी एक उपचारपद्धत १९७० च्या दशकापासून विकसित होत आली आहे.

ती आपल्या मातीत चालते का, हे गोव्यात पाहिलं गेलं. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये हा प्रयोग केला. रुग्ण होते १८ ते ६५ वयाचे, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले. समुपदेशन करणारे ना डॉक्टर होते, ना मानसशास्त्रज्ञ. ती त्याच भागातली, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या पातळीखाली आले होते. नुसते नेहमीचे, जरा सुधारलेले उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. माझ्या मते आपल्या भागातून आलेल्या आरोग्य संशोधनात याचं मोल फार मोठं आहे, कारण मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावाबाहेर सापडणं आजही अवघड आहे.

पद्धतीचा गाभा घरी वापरता येतो. दोन-तीन दिवस काय केलं आणि त्या वेळी कसं वाटलं याची वहीत जेमतेम नोंद ठेवायची. त्यातून दिसतं की दुपारी पडून मोबाइल चाळल्यावर जास्त वाईट वाटलं, आणि गच्चीवर कपडे वाळत घालताना जरा बरं होतं. मग जे बरं वाटवतं त्यातली एखादी गोष्ट दुसऱ्या दिवसासाठी ठरवायची, वेळ आणि जागा नेमून. 'फिरायला जाईन' असं मोघम न लिहिता 'साडेपाचला मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत' असं लिहायचं. ती वेळ आली की इच्छा आहे का, हे स्वतःला विचारायचं नाही. नाहीच जमलं तर गोष्ट अर्धी करायची. देवळाऐवजी कोपऱ्यापर्यंत.

लक्षात ठेवण्याचं काम भिंतीवर टांगा

डोक्यात जागा कमी आहे, तर जास्तीत जास्त ओझं डोक्याबाहेर ठेवायचं. कायमसाठी नव्हे, आजार आहे तोवर. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. दूधवाल्याचे खाडे, गॅस कधी लावला, कामवाल्या ताईंची सुट्टी हे सगळं आपल्या घरात आधीपासून कालनिर्णयच्या चौकोनांत लिहिलं जातंच. त्यातच औषध घेतल्याची टिंब मारा. गोळी घेतली की नाही हे न आठवून दोनदा घेणं किंवा चुकवणं हा धुक्यातला खरा धोका आहे. औषधाच्या दुकानात वारांचे कप्पे असलेली डबी मिळते, रविवारी एकदाच भरून ठेवायची.

शिट्ट्या मोजायच्या भानगडीत पडूच नका, मोबाइलवर गजर लावा. चाव्या, पाकीट, चष्मा यांना दाराजवळ एकच जागा. वही एकच, सगळीकडे तीच. एकीकडे वही, दुसरीकडे चिठ्ठी, तिसरीकडे मोबाइल असं झालं की शोधणं हेच नवं काम होऊन बसतं. एखादी गोष्ट मनात आली की त्या क्षणी लिहायची, 'मग लिहीन' म्हणायचं नाही.

निर्णय कमी करा. नैराश्यात माणूस कामापेक्षा निवडीने जास्त थकतो. नाश्त्याला आठवडाभर पोहे चालतील. रात्री मुगाची खिचडी आणि दही रोज असलं तरी कुणाचं बिघडत नाही. कपडे आदल्या रात्री काढून ठेवा. ज्या दिवशी काहीच होत नाही त्या दिवसासाठी एक किमान यादी आधीच लिहून ठेवलेली असावी: दात घासणं, अंघोळ नाही झाली तर हातपाय-तोंड धुणं, काहीतरी खाणं, गोळी, दहा मिनिटं उजेडात बसणं. एवढं झालं की तो दिवस झाला. उरलेल्या कामांबद्दल त्या दिवशी स्वतःची चौकशी लावायची नाही.

बऱ्याच जणांना सकाळ सगळ्यांत कठीण जाते आणि संध्याकाळकडे थोडं हलकं वाटतं. तुमचं तसं असेल तर डोक्याचं काम दुपारनंतर ठेवा. उठण्याची वेळ मात्र रोज तीच असू द्या, रात्री झोप लागली नसली तरीही. झोपेची घडी उठण्याच्या वेळेवर आणि सकाळच्या उजेडावर बसते.

नोकरीत असाल तर सूचना लेखी मागा. "सर, एवढं व्हॉट्सॲपवर टाकाल का, म्हणजे काही सुटणार नाही," हे कुणालाही म्हणता येतं, त्यासाठी आजार उघड करावा लागत नाही. मोठं काम 'फाइल उघडणं', 'पहिलं पान वाचणं' इतक्या बारीक तुकड्यांत लिहून काढा. वीस मिनिटं काम, मग खुर्चीतून उठणं. पैशांच्या बाबतीत जास्त सावध राहा, कारण फसवणुकीचे फोन घाई करायला लावतात आणि धुक्यात शंका उशिरा येते. फोनवर कुणालाही ओटीपी सांगायचा नाही, असं मोबाइलच्या मागे चिकटवून ठेवा. राजीनामा, घटस्फोट, जमिनीचा व्यवहार, मोठं कर्ज असे निर्णय टाळता येत असतील तर बरं वाटेपर्यंत टाळा. आजार त्या काळात सगळ्या वाटा बंद दाखवतो.

गोळ्यांबद्दल थोडं

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा-आठ. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता, कधी जास्तच सुस्ती जाणवते, आणि नेमकं तेव्हाच बरेच जण औषध सोडतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते, म्हणून त्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायच्या असतात. बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने त्या चालू ठेवतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावं, कारण क्वचित त्या काळात स्वतःला इजा करण्याचे विचार वाढतात. पूर्वी कधी झोप न लागताही प्रचंड उत्साह, उधळपट्टी, अखंड बडबड असा काळ येऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, त्यावरून औषध बदलतं. मन सावरलं पण डोकं अजून जड आहे, असं असेल तर तेही स्पष्ट सांगा. औषध किंवा त्याची वेळ बदलून फरक पडू शकतो, पण 'आता बरं आहे' एवढंच ऐकलं तर डॉक्टर तिथेच थांबतील.

घरातल्यांसाठी

"काय करू तुझ्यासाठी?" हा प्रश्न प्रेमाचा असतो, पण त्याचं उत्तर शोधणंही त्या माणसाला जड जातं. "मी भात लावते, तू पाच मिनिटं इथे बस" हे जास्त सोपं. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि उत्तराला वेळ द्या. काल सांगितलेलं आज पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा, चेहऱ्यावर आठी न आणता.

"मी नसले तर तुम्ही सुटाल" असं वाक्य कानावर आलं तर ते हसण्यावारी किंवा रागावर नेऊ नका. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हटलं तर त्यांना एकटं सोडू नका. गोळ्या, शेतीघर असेल तर फवारणीची औषधं, कुलपात ठेवा आणि चावी स्वतःकडे घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही चालते. धोका त्याच क्षणी असेल तर ११२ लावा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

उपचारासाठी खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येतं, गोव्यात बांबोळीला. दाखवायला गेलं म्हणजे दाखल करून घेतात, ही भीती बऱ्याच घरांत असते. बहुतेक रुग्ण गोळ्यांची चिठ्ठी आणि पुढची तारीख घेऊन घरी येतात. पहिल्या भेटीला कुणीतरी सोबत जावं, कारण धुक्यातल्या माणसाला डॉक्टरांपुढे बसल्यावर निम्म्या तक्रारी आठवत नाहीत. घरूनच कागदावर लिहून न्या: हे कधीपासून आहे, झोप किती, भूक कशी, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, आणि डोकं न चालल्यामुळे रोजचं नेमकं कोणतं काम अडलंय.